सत्यभामाबाईंचा गॅस पास

जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की कागदाशिवाय काही होत नाही. त्यातून तो माणूस निवृत्तीनंतर मुलाकडे जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आला, की हे ज्ञान हाडात मुरतं. तिथे कारखान्यात शिरायला पास, गाडी उभी करायला पास, गावाहून पाहुणा आला तर पाहुण्याचा पास. कोंढ्याच्या शाळेतल्या मोठ्या बाई, म्हणजे आपल्या सत्यभामाबाई, या सगळ्याला इतक्या सरावल्या होत्या की देवळातही पुजाऱ्यापुढे त्यांचा हात आधी पर्सकडे जायचा.

तेव्हा मंगळवारी सकाळी भंडाऱ्याच्या त्या दवाखान्यात, तिसऱ्या माळ्यावरच्या वॉर्डात, रिता सिस्टर सलाइनची बाटली बदलता बदलता म्हणाली, "आजी, गॅस पास झाल्याबिगर पोरीले पाणी नाही द्यायचं बरं, एक थेंबही नाही," तेव्हा पुढची चूक कुणाची, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पोरगी म्हणजे दामिनी, सत्यभामाबाईंची नऊ वर्षांची नात. अपेंडिक्स आत फुटलं म्हणून सोमवारी तिचं पोट फाडावं लागलं होतं. ओठ सुकून पापुद्रे सुटले होते आणि दर पाच मिनिटांनी ती पाणी मागत होती. तिचा बाप सचिन सुट्टीचा अर्ज द्यायला कारखान्यात गेला होता, आई डिंपल खाली औषधाच्या दुकानात रांगेत होती. राहता राहिल्या सत्यभामाबाई. नातीच्या घशात पाण्याचा थेंब जायचा तर तिचा पास काढणं आता त्यांच्या एकटीच्या शिरावर होतं. नातेवाइकाचा हिरवा पास त्यांच्या पर्समध्ये होताच. हा गॅसचा पास वेगळा दिसतो, असं मनाशी म्हणत त्या जिना उतरल्या. लिफ्टसमोर गर्दी होती, आणि मोठ्या बाई गर्दीत उभ्या राहत नसत.

काउंटरवर मनिष नावाचा एक गृहस्थ दोन फोनवर एकाच वेळी बोलत होता. गॅस पास पाहिजे, हे त्याला तीनदा सांगावं लागलं. मग त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला नातेवाइकांसाठी एक लहान खोली होती, तिथे एक शेगडी होती, आणि पेशंटसाठी दूध किंवा पेज गरम करायची तर त्या शेगडीचा पास लागत असे. असा पास खरंच होता. हीच तर सगळी गोम. सत्यभामाबाईंनी चुकीची वस्तू मागितली असती तर कुणीतरी नाही म्हणालं असतं. त्यांनी मागितली ती वस्तू दवाखान्याच्या दुर्दैवाने अस्तित्वात होती.

मनिष म्हणाला, अर्ज लिहा. त्यांनी लिहिला, समास सोडून, विषयाखाली रेघ मारून. मग आधारची झेरॉक्स. झेरॉक्सवाला रस्त्यापलीकडे, त्याच्याकडे वीज नाही. वीज आली तर कागद नाही. मग पासपोर्ट फोटो. पर्समध्ये होता तो निवृत्तीच्या वेळचा, त्यात चष्मा नव्हता, म्हणून मनिषने त्यांना चष्मा काढून उभं राहायला सांगितलं आणि फोटोशी ताडून पाहिलं. हजारो पोरांचे दाखले जिने स्वतःच्या सहीने दिले, तिला चष्मा काढून ओळख पटवावी लागली. हा अपमान त्यांनी नातीसाठी गिळला. मग बेड नंबर चुकला, तो खोडला तर खाडाखोड चालत नाही म्हणे, पुन्हा अर्ज. शेवटी साडेअकराला मनिषने शिक्का उचलला आणि असा हाणला, की टेबलावरचा चहा सांडला.

त्या वर आल्या तेव्हा धाप लागली होती, पण मान ताठ होती. रिता सिस्टर पलीकडच्या खाटेवर, चिखल्याच्या खाणीतून निवृत्त झालेल्या भैय्यालाल नावाच्या म्हाताऱ्याला इंजेक्शन देत होती. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्याची बायको चंद्रकांता उशाशी बसून त्याला दटावत होती. सिस्टरने मान न वळवताच विचारलं, "आजी, झाला का गॅस पास?"

"झाला. साडेअकराला."

"आवाज आला?"

प्रश्न त्यांना जरा चमत्कारिक वाटला. पण सरकारी माणूस प्रश्नाला उत्तर देतो, प्रश्नाला प्रश्न विचारत नाही. "चांगला दणक्यात आला," त्या म्हणाल्या आणि कागद काढायला त्यांनी पर्स उघडली. तोवर सिस्टर वहीत वेळ लिहून मोकळीही झाली होती. पाणी सुरू करा म्हणाली, चमच्याने, दोन तासांनी मुगाच्या डाळीचं वरचं पाणी. एवढा कागद, आणि कुणी पाहिलासुद्धा नाही.

तो पास दोन तासांनी कामी आला. सत्यभामाबाईंनी त्या शेगडीवर स्वतः मुगाचं पाणी केलं. दामिनीने ते चार चमचे घेतलं, आजीकडे पाहून हसली, आणि मग सगळंच्या सगळं उलटून टाकलं. पोट ढोलकीसारखं टणक झालं. डिंपल रडायला लागली. डॉक्टर धावत आले, तरुण, सचिनपेक्षाही लहान, आणि वही बघून म्हणाले, यात तर गॅस पास झाल्याचं लिहिलंय, कुणी सांगितलं.

सत्यभामाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी कागद सादर केला.

डॉक्टरांनी तो वाचला. मग पुन्हा वाचला, मोठ्याने. पेशंटच्या आजीला दिवसातून दोन वेळा, पंधरा मिनिटांपर्यंत, शेगडी वापरण्याची परवानगी देण्यात येत आहे. रिता सिस्टरने सत्यभामाबाईंना बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगायचा प्रयत्न केला, की पोट फाडलं की आतडी झोपतात, ती जागी झाली की वारा सरतो, तो सरला की समजायचं आत सगळं ठीक आहे. सत्यभामाबाईंना सरणे म्हणजे काय ते ठाऊक होतं, वारा म्हणजे काय तेही ठाऊक होतं, पण दोन्ही शब्द एकत्र येऊन त्यांच्या नातीच्या अंगावर येतील हे काही त्यांच्या ध्यानात येईना. मग चंद्रकांताने पलीकडच्या खाटेवरून मदत केली. तिने तो एकच शब्द उच्चारला, तीन अक्षरी, गावठी आणि इतका स्वच्छ, की शेवटच्या खाटेपर्यंत अर्थ पोचला.

सत्यभामाबाई खुर्चीवर बसल्या. तो शब्द त्यांच्या समोर शेवटचा उच्चारला गेला होता तो सत्त्याऐंशी साली, चौथीच्या वर्गात, आणि ज्याने उच्चारला तो पोरगा पुढे तलाठी झाला तरी अजून त्यांना पाहून रस्ता बदलतो. त्यांच्या घरात त्या क्रियेला नावच नव्हतं. नाव नव्हतं, पण व्यवस्था होती. ती काय, ते पुढे येईलच. आणि इथे एक परकी सिस्टर त्या गोष्टीची वेळ वहीत लिहून घेते, आवाज आला का विचारते. आणि आपण म्हणालो काय, तर चांगला दणक्यात. हे आठवलं तेव्हा त्यांनी पदर डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढला.

वहीतली नोंद खोडली गेली. तिथे खाडाखोड चालत होती.

बुधवार उजाडला तरी दामिनीचा गॅस काही पास होईना. आता सगळ्या वॉर्डाला हे प्रकरण माहीत झालं होतं आणि सल्ल्यांना तोटा नव्हता. चंद्रकांता म्हणाली ओव्याचा शेक द्या. कुणाच्या तरी मामाने सांगितलं, नळ सोडून ठेवा, पाण्याचा आवाज ऐकला की होते. नळ सोडला, तर भैय्यालालला चारदा उठावं लागलं. खालून मनिष मुद्दाम वर आला, झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे म्हणाला, आणि पोरीले मोटारसायकलवर बसवून एखाद्या खड्ड्याच्या रस्त्यानं न्या, असं सुचवून गेला. डॉक्टर म्हणाले चालवा. डिंपलने तिला धरून चालवलं, एका हातात सलाइन, पोरगी आपलं पोट धरून, व्हरांड्याच्या टोकापर्यंत. तिथे दामिनी थांबली आणि इकडेतिकडे बघून म्हणाली, "इथं अंगण कुठं आहे? मले अंगणात जायचं आहे."

डिंपलच्या डोळ्यांना धार लागली. पोरगी घरासाठी झुरून राहिली, असं तिने सचिनला फोनवर सांगितलं. दामिनी तर कालपासून हेच म्हणत होती, अंगणात जायचं, अंगणात न्या. सत्यभामाबाईंचाही जीव गलबलला. त्यांना तर अंगण म्हटलं की कोंढ्याचंच दिसायचं, शेणाने सारवलेलं, धान वाळत घातलेलं, कडेला त्यांच्या सासूबाईंनी लावलेला प्राजक्त. नातीच्या रक्तात आपलं अंगण उतरलंय, या विचाराने त्या दुःखातही त्यांना थोडं बरं वाटलं. हळव्या माणसाला समोरचं दिसत नाही ते असं.

सचिनने उपाय काढला. त्याने शेजारच्या कुंताबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि क्वार्टरच्या मागचं अंगण पोरीला दाखवायला सांगितलं. कुंताबाईंनी तुळस दाखवली, दोरीवरचे कपडे दाखवले, मांजर दाखवलं, आणि मग फोन स्वतःच्या तोंडासमोर धरून नाभीवर हिंग लावा, आमच्या जाऊबाईच्या भाच्याले लावला तर दवाखाना दणाणला होता, असं जवळपास पाव तास सांगितलं. दामिनी मांजराकडे न बघता केविलवाण्या आवाजात म्हणाली, "पाहून काय करू? मले जायचं आहे."

बारा वाजता डॉक्टर आले. पोटावर बोटं ठेवून त्यांनी ठोकून पाहिलं. मग सचिनला बाजूला घेतलं, पण वॉर्डात बाजू अशी नसतेच, सगळ्यांना ऐकू गेलं. चार वाजेपर्यंत वाट पाहू. नाही झालं तर नाकातून नळी टाकायची आणि नागपूरला हलवायचं. तिथे कदाचित पोट पुन्हा उघडावं लागेल.

पुन्हा उघडावं लागेल. सचिन अॅम्ब्युलन्सची चौकशी करायला गेला, डिंपल बॅग भरायला लागली आणि भरता भरता तोच टॉवेल तिने तीनदा बाहेर काढला. चंद्रकांता आपला डबा घेऊन आली. लाखोळीच्या डाळीचे वडे होते. सत्यभामाबाई नको म्हणाल्या, पुन्हा नको म्हणाल्या, आणि सोमवारपासून नीट जेवण नसल्यामुळे की काय, बघता बघता पाच खाल्ले. रडू आवरत माणूस किती खातो याचा हिशेब राहत नाही.

अडीचच्या सुमारास भैय्यालालचा गॅस पास झाला.

तो कसा झाला हे लिहिण्यासारखं नाही आणि लिहायची गरजही नाही, कारण शेजारच्या वॉर्डातली माणसं बघायला आली. चंद्रकांताने दोन्ही हात जोडून खिडकीबाहेरच्या आभाळाला नमस्कार केला. चार खाटांवरून अभिनंदन आलं. म्हाताऱ्याने स्वतः चिखल्याला फोन लावला आणि पोराला म्हणाला, "हो गया रे, पास हो गया, पहिल्या नंबरानं." रिता सिस्टरने वेळ लिहिली. सत्यभामाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना धक्का बसला होता, पण त्यात थोडा मत्सरही होता, हे खोटं कशाला सांगा.

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला.

"आजी, त्या आबाले अंगणात काहून नाही पाठवलं?"

सत्यभामाबाईंनी भिंतीकडचं तोंड हळूच नातीकडे फिरवलं.

घरात त्या गोष्टीची व्यवस्था होती ती ही. कोंढ्याच्या घरी त्या नव्या सून म्हणून आल्या त्याच आठवड्यात सासूबाईंनी समजावून सांगितली होती. तशी वेळ आली की कुणी असो, उठायचं, "अंगणात जाऊन येतो" एवढं म्हणायचं, आणि जाऊन यायचं. कुणी विचारायचं नाही, कुणी हसायचं नाही. कृष्णराव, म्हणजे त्यांचे यजमान, शाळा तपासणीससाहेब घरी जेवायला बसले असताना बासुंदीच्या वाटीवरून उठून अंगणात गेले होते, आणि साहेब म्हणाले होते, किती शेतीवर लक्ष आहे यांचं. सचिन तसाच वाढला. दामिनीला तर दोन वर्षांची असल्यापासून सत्यभामाबाईंनी स्वतः शिकवलं होतं. आपल्या घरात चारचौघांत असं होत नसते. जीव गेला तरी चालेल, असंही कधीतरी बोलून गेल्या होत्या. सचिनला हे आठवलं नाही, डिंपलला कळलं नाही. पण त्यांना स्वतःला तरी कळायला हवं होतं. दोन दिवस पोरगी अंगण मागत होती, आणि त्या प्राजक्त बघत होत्या.

पोरीने जीव गेला तरी चालेल हे अक्षरशः घेतलं होतं. शिक्षिकेचं याहून मोठं यश कोणतं असेल.

त्या खुर्ची ओढून खाटेला चिकटून बसल्या. "दामू, तुले अंगणात जायचं म्हणजे त्यासाठी जायचं?"

दामिनीने डोळ्यांनीच हो म्हटलं. "कालपासून आवरून राहिली मी. लय दुखते, आजी."

"मग होऊ दे, माय. इथंच."

"इथं लोक आहेत."

"हेच अंगण समज."

"तू खोटं बोलून राहिली. अंगण असं असते का? तूच म्हणते, आपल्या घरात चारचौघांत नसते होत." तिने मोजून पाहिलं असावं. "इथं तर सतरा लोक आहेत."

सत्यभामाबाईंनी समजावलं, मग रागावल्या, मग चक्क विनवलं. डॉक्टर म्हणतात म्हणून तरी. पोरीने ओठ घट्ट मिटून घेतले. मोठ्या बाईंची एक चूक त्यांच्याच विद्यार्थिनीने इतकी पाठ केली होती की आता ती पुसायला डस्टर नव्हतं. घड्याळात चार वाजत आले. व्हरांड्यातून चाकांचा आवाज आला, अॅम्ब्युलन्सचं स्ट्रेचर वर आणलं होतं. त्याच्यामागून सचिन, आणि डॉक्टर, आणि रिता सिस्टर हातात नळीचं पाकीट घेऊन.

दामिनीने ते पाकीट पाहिलं. मग आजीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आधी तू."

आता सत्यभामाबाईंच्या मनात काय काय आलं ते त्यांनाच ठाऊक. चौतीस वर्षं. कोंढ्यात त्या रस्त्याने निघाल्या की अजून पानटपरीवरची पोरं विडी लपवतात. ध्वजवंदनाला त्या उभ्या राहिल्या की सरपंच आपोआप ताठ होतात. एकाहत्तर वर्षांत एकदा, एकदाही, कुणी काही ऐकलेलं नाही. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहणं टाळलं. मग शाळेच्या खुर्चीत बसतात तशा पाठ सरळ करून बसल्या, पदर नीट केला, डोळे मिटले.

लाखोळीची डाळ भलती वातुळ, असं पूर्व विदर्भात म्हणतात ते खोटं नाही.

स्ट्रेचरवाला जागच्या जागी थांबला. डिंपलच्या हातून टॉवेल पडला. रिता सिस्टरने वही उघडली आणि आशेने खाटेकडे धावली. "झाला? कोणाचा झाला?"

भैय्यालालने मोठ्या मनाने हात वर करायला घेतला होता, पण सत्यभामाबाईंनी त्याला थांबवलं. त्या शाळेतल्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, "माझा आहे. तो लिहू नका."

आधी दामिनीचे डोळे मोठे झाले. मग तिच्या नाकातून फुर्र असा आवाज आला. मग ती हसायला लागली. हसलं की टाके ओढत होते, म्हणून ती आई गं म्हणायची, आणि आई गं म्हणून पुन्हा आजीकडे बघायची आणि पुन्हा हसायची. दोन्ही हातांनी तिने उशी पोटाशी धरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि त्या हसण्याच्या मधेच, आवरायचं राहून गेल्यामुळे, एक लांबलचक, बारीक, सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा आवाज आला. तो बराच वेळ चालला.

संपल्यावर दामिनीने स्वतःहून हात वर केला. "हा माझा."

रिता सिस्टरने पेन हातात धरून सत्यभामाबाईंकडे पाहिलं. "हा लिहू, आजी?"

"हा लिहा," सत्यभामाबाई म्हणाल्या. आणि मग त्यांना रडू फुटलं.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि नळीचं पाकीट सिस्टरच्या हातातून काढून खिशात टाकलं. स्ट्रेचर रिकामंच परत गेलं. चंद्रकांताने आभाळाला दुसऱ्यांदा नमस्कार केला, आणि सचिन व्हरांड्यात जाऊन कठड्याला धरून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. तो रडत होता की हसत होता, हे सत्यभामाबाईंनी त्याला कधी विचारलं नाही. घरात अशा गोष्टी विचारायची पद्धत नाही.

संध्याकाळी दामिनी सहा चमचे पाणी प्यायली आणि ते पोटात राहिलं. दुसऱ्या दिवशी मुगाचं पाणी, तिसऱ्या दिवशी पेज. ती पेजही सत्यभामाबाईंनी त्या शेगडीवरच केली, पंधरा मिनिटांच्या आत, कागद समोर ठेवून.

सोमवारी सुट्टी झाली. सचिन गाडी आणायला पुढे गेला होता, डिंपलच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. दामिनी आजीचं बोट धरून हळूहळू चालत होती. फाटकावरच्या चौकीदाराला जाताना नातेवाइकाचा हिरवा पास परत द्यायचा असतो. त्याने हात पुढे केला.

"आजी, पास?"

सत्यभामाबाईंचा हात सवयीने पर्सकडे गेला. मग तो थांबला. त्यांनी नातीकडे पाहिलं, नातीने त्यांच्याकडे, आणि दोघींनी एकदमच तोंडावर हात धरला.

"झाला ना," सत्यभामाबाई म्हणाल्या. "दोघींचाही झाला."